मित्रदेशाचा खासदार दारात आला तर आत घ्यायचं की परत पाठवायचं?

आगरातली (रेवदंडा)

प्रश्न सरळ आहे. दोन देशांची वर्षानुवर्षांची दोस्ती आहे. एकाचा निवडून आलेला खासदार दुसऱ्या देशात जायला निघतो आणि तो देश म्हणतो, तुम्ही नका येऊ. असं करावं का? केलं तर त्या दोस्तीचं काय होतं?

हे डोक्यात घोळायला लागलं ते एप्रिल २०२५ च्या बातमीपासून. ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या दोन खासदार, युआन यांग आणि अब्तिसाम मोहम्मद, इस्रायलला पोचल्या आणि विमानतळावरूनच त्यांना परत पाठवलं. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी यांनी जाहीर नाराजी दाखवली. विरोधी पक्षनेत्या केमी बेडनॉक यांनी मात्र इस्रायलची बाजू घेतली.

त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इल्हान ओमर आणि रशिदा तलैब यांना इस्रायलनं प्रवेश नाकारला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचे वॉशिंग्टनमधले राजदूत रॉन डर्मर सांगून बसले होते की काँग्रेसचा मान आणि दोन देशांची मैत्री बघता कुठल्याही सदस्याला अडवणार नाही. मग ट्रम्प यांनी ट्वीट केलं की यांना येऊ दिलं तर इस्रायल दुबळा दिसेल, आणि त्याच दिवशी दार बंद झालं. आपल्याच देशाच्या खासदारांना बाहेर ठेवा असं राष्ट्राध्यक्षानं मित्रदेशाला सुचवावं, हे मला फार लागलं.

चौल-रेवदंड्याच्या माणसाला इस्रायल लांबचा वाटत नाही. आमच्याकडे सिनेगॉग आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी तिकडे जाऊन वसलेत, अजून कोणी ना कोणी येऊन जुन्या घराची जोती बघून जातं. त्यामुळे इथे इस्रायलची आरतीही नको आणि शिव्याही नकोत. गाझावर वेगळे धागे आहेत.

माझं मत असं की निवडून आलेल्या माणसाला अडवू नये. त्याच्यामागे त्याचे मतदार असतात. तो काय बघतो, काय बोलतो ते बोलू द्यावं. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी (दाभोळ)

असहमत. ज्याचं बंदर त्याचा हुकूम. आम्ही जहाजावरची माणसं आयुष्यभर हेच शिकलो. शोअर पास मिळाला तर उतरायचं, नाही मिळाला तर रेलिंगला टेकून शहराचे दिवे बघायचे. कॅप्टनलाही तोच नियम. खासदाराला वेगळा का?

पेजभात (कणकवली)

धागा चांगला निघालाय, वाचतेय.

नवगाव_किनारा (ठाणे, मूळ अलिबाग)

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी. आमच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या अशी आमची परंपरा सांगते. पुढे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. माझी सख्खी बहीण इस्रायलमधल्या लोदला राहते. तेव्हा हा विषय माझ्या घरातला आहे.

ताई, तुमच्या पोस्टला दोन गोष्टी जोडतो. पहिली, २०१९ चा निर्णय हवेतून आला नव्हता. इस्रायलनं मार्च २०१७ मध्ये कायदा केला की देशावर बहिष्कार टाकायची हाक देणाऱ्या परदेशी माणसाला प्रवेश नाकारता येईल. त्या दोघी बहिष्काराच्या चळवळीच्या उघड समर्थक. आपल्या देशाचा माल कोणी घेऊ नये असं सांगत फिरणाऱ्याला आपण पायघड्या का घालायच्या, हा प्रश्न खोटा नाही. माझी बहीण तिथे नोकरी करून मुलं वाढवते, तिचाही तो प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट याच्या उलट जाते. अमेरिकेत इस्रायलसाठी झटणारी सगळ्यात मोठी संघटना म्हणजे आयपॅक. त्या आयपॅकनंसुद्धा जाहीरपणे सांगितलं की ओमर-तलैब यांची मतं आम्हाला मान्य नाहीत, पण काँग्रेसच्या प्रत्येक सदस्याला इस्रायल डोळ्यांनी बघता आलं पाहिजे. त्याच महिन्यात आयपॅकशी जोडलेल्या संस्थेच्या दौऱ्यावर ४१ डेमोक्रॅट आणि ३१ रिपब्लिकन सदस्य इस्रायलला जाऊन आले होते. बहात्तर माणसांनी काय बघितलं ते कोणाच्या लक्षात नाही. दोघींना अडवलं, ते जगभर झालं.

म्हणून माझं मत मधलं. हक्क आहे, पण मित्राच्या संसदेवर तो वापरला तर तोटा आपलाच.

मसुऱ्याचो

सगळे इस्रायल-अमेरिका करतायत, पण आमच्या वराडाक आयर्लंडचो पंतप्रधान इललो, ता इसारलात काय? लिओ वराडकर! २०१९ च्या डिसेंबरात कुटुंबासकट मालवण तालुक्यात इले. वडील अशोक वराडकर, घराणा वराडचा. गाव नुसता फुललेला. कोकणाक यापेक्षा मोठो पावणो कधी इलो?

दर्यावर्दी (दाभोळ)

ते घरचं माणूस घरी आलं, मसुऱ्याचो. त्याला कोण अडवतंय! प्रश्न असा की जो तुमच्या घरात येऊन तुमचीच उणीदुणी काढणार आहे, त्याचं काय करायचं.

खाडीपल्याड (लेस्टर, मूळ बाणकोट)

दर्यावर्दी भाऊ, रशिदा तलैब यांचंही ते घरच होतं. त्यांची आजी इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या गावात राहायची. अडवल्यावर इस्रायलनं सांगितलं, माणुसकीच्या नात्यानं आजीला भेटायला या, पण बहिष्काराचा प्रचार करणार नाही असं लिहून द्या. त्यांनी आधी तसं पत्र दिलं, मग अशा अटींवर आजीला भेटायला जाणार नाही म्हणून दौराच रद्द केला. त्यांचं राजकारण पटो न पटो, म्हाताऱ्या आजीच्या भेटीला अट घातली की ऐकणाऱ्याच्या पोटात तुटतं. आमच्या बाणकोट-दापोलीकडे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आखातात नाहीतर आफ्रिकेत आहे. आजीची भेट म्हणजे काय ते आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक लक्षात घ्या, हे आपणही केलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनच्या खासदार डेबी अब्राहम्स दिल्ली विमानतळावर उतरल्या. त्या काश्मीरवरच्या संसदीय गटाच्या अध्यक्षा. ३७० कलम हटवल्यावर त्यांनी टीका केली होती. त्यांचा ई-व्हिसा रद्द झालाय असं सांगून त्यांना दुबईला परत पाठवलं. भारत आणि ब्रिटन काही शत्रू नाहीत.

सरळमार्गी (चिपळूण)

आणि बरोबर केलं! व्हिसा आधीच, १४ तारखेला, रद्द झाला होता असं सरकारनं स्पष्ट केलंय. देशहिताच्या विरोधात काम करणाऱ्या माणसाला देशात घ्यायची सक्ती कुठल्या कायद्यात आहे? काँग्रेसच्या अभिषेक मनू सिंघवींनीसुद्धा तेव्हा सरकारला पाठिंबा दिला होता. हा पक्षाचा विषयच नाही.

खाडीपल्याड (लेस्टर, मूळ बाणकोट)

सिंघवींनी पाठिंबा दिला हे खरं, त्यांच्याच पक्षाच्या शशी थरूर यांनी टीका केली हेही खरं. पण पुढे काय झालं ते बघा. इथून परत गेलेल्या त्या बाई त्याच महिन्यात आपल्या गटाबरोबर पाकिस्तानात गेल्या, इम्रान खानना भेटल्या, पाकव्याप्त काश्मीरही बघून आल्या. आपली बाजू ऐकायची संधी आपणच काढून घेतली आणि समोरच्याची बाजू त्या पूर्ण ऐकून आल्या. यात देशहित कुठे साधलं, ते सांगा.

सरळमार्गी (चिपळूण)

त्या आपली बाजू ऐकायला येत होत्या हे कशावरून? मत आधीच ठरलेलं असतं. इथे येऊन चार फोटो काढले असते आणि तेच बोलल्या असत्या, वर "मी स्वतः बघून आले" अशी मोहर लागली असती.

जुना_दप्तरी (रत्नागिरी)

नोकरीची बरीच वर्षं अशा दौऱ्यांच्या फायली सांभाळण्यात गेली. चर्चेत थोडी माहिती घालतो.

परदेशी खासदार म्हणजे राजनैतिक अधिकारी नव्हे. राजदूत आणि त्याच्या कचेरीतल्या माणसांना १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं संरक्षण असतं. दौऱ्यावर आलेल्या खासदाराला ते आपोआप मिळत नाही, त्याच्या हातात राजनैतिक पासपोर्ट असला तरी. त्यामुळे दर्यावर्दींचं म्हणणं कायद्याच्या अंगानं बरोबर आहे. यजमान देश नाही म्हणू शकतो.

पण राजदूत त्याच्या सरकारचा आवाज असतो. सरकार काय म्हणतंय तेवढंच तो बोलणार. खासदार त्याच्या मतदारसंघाचा असतो, विरोधी पक्षाचा असू शकतो, उद्या मंत्री होऊ शकतो. त्याच्याशी बोलताना तुम्ही त्या देशाच्या उद्याच्या सरकारशी बोलत असता. म्हणूनच वेगवेगळ्या देशांच्या खासदारांनी आंतर-संसदीय संघ १८८९ मध्येच उभा केला आणि आपल्याकडे भारतीय संसदीय गट १९४९ पासून आहे. दोन्हीकडच्या खासदारांचे मैत्री गट असतात. सरकारं बदलली, पंतप्रधानांचं एकमेकांशी पटेनासं झालं, तरी ही वाट चालू राहावी हा त्यामागचा विचार.

उलट बाजूनंही काळजी घेतलेली आहे. आपल्या खासदारानं परदेशी सरकारचा किंवा संस्थेचा पाहुणचार घ्यायचा तर परदेशी योगदान कायद्याच्या कलम ६ खाली केंद्राची परवानगी लागते. पाहुणचार घेतल्यावर माणूस मिंधा होतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं.

फायलीत मी काय बघायचो, तर कार्यक्रमपत्रिका. सकाळी मंत्रालय, दुपारी जेवण, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम, रात्री जेवण. चौथ्या दिवशी आग्रा. मधे कुठेतरी पाऊण तासाचा "संवाद". त्या पाऊण तासात काय व्हायचं त्यावर पुढची दोन-चार वर्षं अवलंबून असायची. एकदा एका पाहुण्या सदस्यानं जेवण सोडून तो पाऊण तास दोन तासांवर नेला आणि शेजारच्या खोलीत वाढलेली पानं तशीच राहिली. त्या दोन तासांत जे बोलणं झालं, ते पत्रव्यवहारानं वर्षात झालं नसतं.

पेजभात (कणकवली)

जुना_दप्तरी काका, प्रतिसाद संग्रही ठेवावा असा आहे. पण ती वाढलेली पानं कोणी खाल्ली?

जुना_दप्तरी (रत्नागिरी)

आम्हीच. दुधीहलवा फार छान होता.

गुहागरची_सुपारी

इथे सगळे पाहुण्यांचं कौतुक करतायत म्हणून लिहितेय. दाराशी येणारा प्रत्येक पाहुणा बघायला आणि ऐकायलाच येतो असं नाही. आमच्या अंजनवेल-वेलदूरनं मैत्रीचा दुसरा चेहराही बघितलाय.

अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प आठवा. १९९५ मध्ये राज्य सरकारनं करार रद्द केला, तेव्हा अमेरिकेकडून किती दबाव आला ते त्या काळच्या वर्तमानपत्रांत आहे. करार नव्यानं झाला, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, वीज परवडेना म्हणून २००१ मध्ये बंद पडला. जून २००१ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींकडे एन्रॉनच्या थकबाकीचा विषय काढला. इतक्या मोठ्या देशाचा उपराष्ट्राध्यक्ष एका कंपनीच्या बिलासाठी शब्द टाकतो! भारतात राजदूत असलेले फ्रँक विस्नर तर नोकरी संपल्यावर एन्रॉनच्याच एका कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचं दिवाळं वाजलं आणि इथला कारखाना पुढे काही वर्षं बंद चिमण्या घेऊन उभा होता. जमिनी मात्र गेल्या त्या गेल्या.

मोर्चात आमच्या आईच्या पिढीच्या बायका होत्या. त्यांना भेटायला कुठलाही अमेरिकी लोकप्रतिनिधी आलेला मला तरी आठवत नाही. एखादा आला असता, रानवीच्या अंगणात बसला असता, तर त्याच्या संसदेत एक वेगळा आवाज उठला असता. म्हणून माझं उत्तर असं: या, पण ज्यांच्यावर तुमच्या मैत्रीचा भार पडतो त्यांच्या अंगणात या.

आगरातली (रेवदंडा)

सुपारी, हे फार महत्त्वाचं लिहिलंस. मी फक्त दार उघडण्याबद्दल विचारलं होतं. आत आल्यावर पाहुण्याला कुठे नेतात हे तितकंच मोठं आहे.

माडबन_सडा (राजापूर)

+१. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा करार डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले तेव्हा पुढे सरकला. सह्या दिल्लीत, सडा आमचा. साखरी नाट्याच्या कोळ्यांशी बसून बोलणारे फ्रेंच खासदार हवे होते. त्यांच्या देशातही अणुऊर्जेवर तीव्र मतभेद आहेत, त्यांना आमचे प्रश्न पटकन कळले असते.

सरळमार्गी (चिपळूण)

म्हणजे परदेशी खासदारांनी येऊन आपल्या प्रकल्पांना विरोध करायचा? हा अंतर्गत प्रश्न आहे. आपले आमदार-खासदार कशाला आहेत मग?

माडबन_सडा (राजापूर)

अणुभट्टी फ्रान्सची, कंपनी फ्रान्स सरकारच्या मालकीची. त्या देशाच्या खासदाराला आपल्या सरकारच्या कंपनीचा हिशोब मागायचा अधिकार आहे. यात ढवळाढवळ नाही.

संपादक

सरळमार्गी, माडबन_सडा, प्रकल्पावर स्वतंत्र धागा आहे, तिकडे जरूर लिहा. इथे मूळ विषय चालू द्या.

थिबा_पॉइंट (रत्नागिरी)

थोडं अवांतर, पण पाहुण्यांवरून आठवलं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत करून रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच गेला, समाधीही इथे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीवर आले होते. त्याच वर्षी मे महिन्यात मनमोहन सिंग रंगूनला बहादूरशहा जफरच्या कबरीवर जाऊन आले होते. इंग्रजांनी त्यांचा राजा आमच्याकडे आणला आणि आमचा बादशहा त्यांच्याकडे नेला, आणि शंभर वर्षांनी दोन्ही देशांचे प्रमुख एकमेकांकडच्या कबरीवर फुलं वाहतात. शाळेतल्या पोरांना मी राजवाडा दाखवायला नेतो तेव्हा हे आवर्जून सांगतो.

पेजभात (कणकवली)

हे अवांतर चालेल. असं अजून येऊ दे.

देवगड_पेटी

आमच्या धंद्यातून लिहितो. हापूस अमेरिकेत १९८९ पासून जात नव्हता, किडीचं कारण होतं. मार्च २००६ मध्ये बुश भारतात आले, अणुकराराच्या जोडीला आंब्याचंही ठरलं आणि एप्रिल २००७ मध्ये पहिला माल गेला. आंबा लासलगावला विकिरण करून पाठवायचा, आणि त्यांच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथे हजर राहून तपासणार. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे निरीक्षक येऊ शकला नाही, तर निर्यातच थांबली. एक माणूस विमानात बसला नाही की इकडे पेट्या पडून, असा हा कारभार. २०२२ ला परत सुरू झाली.

पण खासदाराचं काम मला दिसलं ते २०१४ मध्ये. युरोपीय संघानं फळमाशीच्या कारणावरून १ मेपासून आपला आंबा बंद केला, बरोबर आळू, कारली, पडवळ, वांगीही. ऐन हंगामात! दिल्लीनं पत्रं लिहिली, ती लिहायचीच. पण ब्रिटनच्या संसदेत आवाज उठवला तो लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी. पंतप्रधान कॅमेरून यांच्यासाठी हापूसची पेटी घेऊन ते डाउनिंग स्ट्रीटला गेले. का? लेस्टरच्या दुकानदारांचं आणि गिऱ्हाइकांचं नुकसान होत होतं. ते मतदार होते, आंबा आमचा होता. मग आपल्याकडे तपासणी आणि प्रक्रिया कडक झाली, आणि २०१५ च्या हंगामाआधी बंदी उठली.

अशा माणसाला उद्या एखाद्या वेगळ्या मुद्द्यावर आपण व्हिसा नाकारला असता, तर परवा आंब्यासाठी तो बोलला असता का? प्रत्येक खासदार काही आपल्या बाजूचा नसतो, पण कोण कधी कुठल्या बाबतीत उपयोगी पडेल ते आधी कळत नाही.

खाडीपल्याड (लेस्टर, मूळ बाणकोट)

देवगड_पेटी, त्या वर्षी मी इथेच होतो. मेलटन रोडवरच्या दुकानांत पेटी विचारायला जायचो आणि दुकानदार हात हलवायचा. इथला खासदार आठवड्याला मतदारांना भेटायला बसतो, तिथे माणसं आंब्याची तक्रार घेऊन जात होती. खासदाराला इथल्या माणसाची ताकद अशी कळते.

दर्यावर्दी (दाभोळ)

आंब्याचा मुद्दा मान्य. पण नुसतं दार उघडून काही होत नाही, हे पण बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय संसदेचे २३ सदस्य श्रीनगरला नेले होते. त्याच वेळी आपल्याच विरोधी पक्षांच्या खासदारांना तिथे जाऊ देत नव्हते. ब्रिटनचे क्रिस डेव्हिस म्हणाले, मला पहारा न घेता लोकांशी बोलायचंय, तर त्यांचं आमंत्रण मागे घेतलं गेलं असं त्यांनी सांगितलं. निवडक पाहुणे, ठरलेला रस्ता, दल सरोवरात शिकाऱ्याची फेरी. त्यापेक्षा स्पष्ट "येऊ नका" जास्त प्रामाणिक.

आगरातली (रेवदंडा)

दर्यावर्दी, श्रीनगरचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. पण त्याचा इलाज दार बंद करणं हा नाही, पाहुण्याला मोकळं फिरू देणं हा आहे.

नवगाव_किनारा (ठाणे, मूळ अलिबाग)

इथे एक जुनी गोष्ट सांगतो, कारण कायदेमंडळातल्या माणसाची किंमत आमच्या समाजाला अनुभवानं कळली आहे.

कोकणातून गेलेले आमचे लोक इस्रायलमध्ये पोचले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठानं आमच्या लग्नांवर शंका घेतली. बेने इस्रायली मुलीचं किंवा मुलाचं दुसऱ्या यहुदी घरात लग्न ठरलं की मागच्या पिढ्यांचे पुरावे मागायचे. ज्यांनी अलिबाग-पेण-रोह्यात शेकडो वर्षं शब्बाथ पाळला, सुंता केली, मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं ठेवून एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं, त्यांना विचारत होते की तुम्ही खरे यहुदी का! माझी मावशी तेव्हा तिकडे होती. तिची पत्रं मराठीत यायची, त्या पत्रांत शाई पसरलेली असायची.

१९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी क्नेसेटनं, म्हणजे त्यांच्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत आणि त्यांना इतरांसारखेच हक्क आहेत. धर्मपीठाला आपली सूचना बदलावी लागली. तेव्हा भारत आणि इस्रायलचे पूर्ण राजनैतिक संबंधही नव्हते. भारतानं १९५० मध्ये मान्यता दिली होती, पण दूतावास उघडले १९९२ मध्ये. आमच्यासाठी भांडायला तेल अवीवमध्ये कोणी भारतीय राजदूत बसलेला नव्हता. जे केलं ते रस्त्यावर बसलेल्या माणसांनी आणि त्यांचं ऐकणाऱ्या खासदारांनी.

म्हणून बहीण जरी म्हणाली की टीका करणाऱ्यांना घेऊ नका, तरी मी तिला हेच सांगतो. आपलं ऐकून घेणारे खासदार होते म्हणून तुझ्या मुलांची लग्नं सुखानं झाली.

पेजभात (कणकवली)

हे माहीतच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

सरळमार्गी (चिपळूण)

नवगाव_किनारा, मनापासून आभार. पण तो ठराव त्यांच्या स्वतःच्या संसदेचा. परदेशी खासदारांनी येऊन केलेला नव्हता.

कोळंबी_तलाव (पालघर)

मग परदेशी खासदारांचंच सांगते, तेही ताजं. आमचा वेनामी कोळंबीचा तलाव आहे. भारताच्या गोठवलेल्या कोळंबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारनं आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा आमच्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी भाव पाडला. खाद्याचं बिल तेच, विजेचं बिल तेच, पाण्यात हवा सोडणारा एरेटर बंद ठेवला तर पहाटेपर्यंत माल मरतो. रात्री तलावाच्या बांधावर बसून मी अमेरिकेच्या बातम्या वाचायला लागले.

ऑक्टोबरात अमेरिकी काँग्रेसच्या १९ सदस्यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं की भारताशी बिघडलेलं सावरा, हे शुल्क मागे घ्या. पुढाकार डेबोरा रॉस आणि रो खन्ना यांचा. हे दोघं १५ ऑगस्ट २०२३ ला लाल किल्ल्यावर पाहुणे होते, दोन्ही पक्षांच्या शिष्टमंडळाबरोबर. आपले बेळगावचे श्री ठाणेदारही त्या शिष्टमंडळात होते. जे आले, बघून गेले, ते अडचणीच्या वेळी बोलले.

आणि सह्या करणाऱ्यांत प्रमिला जयपालही आहेत. त्याच जयपाल, ज्यांनी काश्मीरवर ठराव आणला होता म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी वॉशिंग्टनमधली बैठकच रद्द केली होती. समितीनं जयपाल यांना बाहेर ठेवायला नकार दिला, म्हणून. ज्यांच्यासमोर बसायला आपण तयार नव्हतो, त्यांनी आमच्या कोळंबीवरचं शुल्क कमी करा म्हणून सही केली. सरळमार्गी दादा, सांगा बरं, टीका करणारा म्हणजे शत्रू का?

सरळमार्गी (चिपळूण)

जयपाल यांच्या सहीचं माहीत नव्हतं, हा मुद्दा वजनदार आहे. तरी देशाच्या सुरक्षेचा खरा प्रश्न असेल तर नाही म्हणायचा हक्क सरकारकडे राहायला हवा, यावर मी ठाम आहे. फुटीरांना पैसा पुरवणाऱ्याशी ऊठबस असणारा खासदार असेल तर?

जुना_दप्तरी (रत्नागिरी)

तसा पुरावा असेल तर तो त्याच्या सरकारला दाखवावा आणि सही करून कारण लेखी द्यावं. मित्रदेशात तेवढा विश्वास असतोच. मतं आवडत नाहीत आणि सुरक्षेला धोका आहे, या दोन वेगळ्या फायली आहेत. एकीतले कागद दुसरीत घालायला लागलो की परदेशात आपल्या शब्दाला किंमत राहत नाही.

दर्यावर्दी (दाभोळ)

लेखी कारणाला माझा पाठिंबा. बंदरातही शोअर पास नाकारला तर कारण विचारायची सोय असायला हवी, ही आमची जुनी मागणी आहे. हक्क यजमानाचा, हे मात्र माझं कायम.

आगरातली (रेवदंडा)

मग आपण बरेच जवळ आलो. यजमानाला हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पण निवडून आलेल्या माणसाच्या बाबतीत मतं हे कारण चालू नये, सुरक्षेचं असेल तर लेखी असावं, आणि आत घेतल्यावर त्याला सुपारीच्या रानवीलाही जाऊ द्यावं. ब्रिटनच्या त्या दोघींच्या बाबतीत इस्रायलचं म्हणणं होतं की त्या सुरक्षा दलांच्या हालचाली टिपायला आणि द्वेष पसरवायला आल्या होत्या. त्यांनी ते नाकारलं. कागद कोणी बघितला?

देवगड_पेटी

कोळंबी_तलाव ताई, एक सुचवतो. पुढच्या हंगामात काँग्रेसचं शिष्टमंडळ मुंबईत आलं तर आपल्या खासदारांनी त्यांना एक दिवस कोकणात आणावं, असं पत्र लिहू या. सकाळी तुमचा तलाव, दुपारी आमचं पॅकहाउस. मी मसुदा करतो. माडबन_सडा आणि गुहागरची_सुपारी, तुमच्या गावांची नावं त्यात घालू का?

गुहागरची_सुपारी

घाला. अंजनवेल आणि रानवी दोन्ही लिहा. जेवण आमच्याकडे, पण कार्यक्रमपत्रिकेत पाऊण तास नको, अख्खी दुपार हवी.

मसुऱ्याचो

वराड पण घाला रे! पावण्यांची सवय आसा आमका.